पार्श्वभूमी : 'झुडपी जंगल' या नोंदीची गोष्ट

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. त्यामुळे जंगलाचा कार्बन मोजायचा म्हटलं की आधी खोडाचा घेर पाहिला जातो, आणि तिथेच पूर्व विदर्भातली झुडपी जंगलं मागे पडतात.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि गावोगावची पडीत, चराऊ जमीन सरकारजमा झाली. निस्ताराच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या चराई-सरपणाच्या हक्कांच्या, नोंदीत तिच्यापुढे 'झुडपी जंगल' लागलं. त्याचा गावातला अर्थ साधा : ढोरं चारायची, सरपण आणायचं. पुढे विदर्भ आधी मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात आला. नोंद तीच राहिली.

खरा गुंता १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासूनचा. महसूल दफ्तरातल्या गायरानाच्या नावात 'जंगल' होतं, आणि आता त्या शब्दाला कायद्याचं वजन आलं. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालकी कोणाचीही असो, सरकारी दफ्तरात जंगल म्हणून नोंदलेलं ते जंगलच. तोवर या जमिनींवर घरं, शाळा, स्मशानभूमी उभ्या राहिल्या होत्या. त्याच न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालाने झुडपी जंगल हे जंगलच ठरवलं आणि १९९६ च्या त्या तारखेपूर्वी दिलेल्या जमिनींना एकवेळची सूट दिली.

यातल्या सुमारे ८६ हजार हेक्टरवर सरकारी कागदांत 'वनीकरणास अयोग्य' असा शेरा होता. हा शेरा मला पटत नाही. दरसाल तोडला जाणारा पळस वरून अंगठ्याएवढ्या फांद्यांचा दिसतो, पण त्याच्या बुडाशी कुदळ घातली की मनगटाएवढी मुळं लागतात आणि पावसाळ्यात त्यांनाच नवे फुटवे येतात. देशातल्या जंगलांनी साठवलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक मातीतच आहे. घेर मोजणाऱ्या टेपला तो सापडायचा नाही.

भारताने २०३० पर्यंत झाडांमधून अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषण्याचा शब्द दिला, तेव्हापासून लागवडीसाठी जमिनीचा शोध वाढला. खाणी-रस्त्यांत गेलेल्या जंगलाच्या भरपाईसाठी झुडपी जमीन दाखवण्याची वाट ताज्या निकालाने अरुंद केली आहे. वनेतर जमीन नाहीच असं राज्याने लेखी दिलं तरच ती वापरता येईल, तीही दुप्पट क्षेत्रात. ही अट मला फार मोलाची वाटते. झुडूप उपटून रोपासाठी खड्डा खणला की उलथलेली माती उन्हाला लागते, तिच्यातला कुजलेला पाला-मुळं भराभर विरतात आणि त्यांचा कार्बन हवेत जातो. सागाच्या रोपाला तो परत धरायला वर्षं लागतात, आणि तोवर गावची ढोरं कुंपणाबाहेर असतात.