खवटपणा मोजताना

पावसाळ्याच्या तोंडावर भरून ठेवलेले शेंगदाणे दिवाळीच्या फराळासाठी काढावेत आणि तोंडात टाकताच जिभेला कडवट, जुनाट चव लागावी, हा अनुभव बहुतेक घरांतला आहे. दाणे खवट झाले म्हणून आपण ते बाजूला ठेवतो. पण त्या डब्यात जे घडले, तेच रसायन मधुमेह, हृदयविकार आणि दीर्घकाळ चालणाऱ्या इतर अनेक आजारांच्या मुळाशी शोधण्यात संशोधकांची गेली सत्तर वर्षे गेली आहेत. दाण्याच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले असतात आणि त्यांच्या दुहेरी बंधांलगतचा हायड्रोजनचा अणू सहज निघून येतो. एकदा तो निघाला की मागे एकटा इलेक्ट्रॉन उरतो, त्या जागी ऑक्सिजन जोडला जातो, आणि असा तयार झालेला रेणू शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढून घेतो. शेजारचा रेणू मग पुढच्याचा. एका ठिणगीने सुरू झालेली ही साखळी शेकडो रेणू नासवते.

आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटल अशाच मेदाम्लांनी बनलेले आहे, तेही ३७ अंश सेल्सिअस तापमानात आणि ऑक्सिजनच्या सतत पुरवठ्यात. एकटा इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या अणूंना किंवा रेणूंना मुक्त मूलके म्हणतात. वाढत्या वयात शरीराची होणारी झीज ही या मूलकांनी केलेली हानी असावी, असा सिद्धांत अमेरिकेतील डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला, तेव्हा जिवंत पेशीत इतकी उग्र मूलके टिकतील यावर अनेकांचा विश्वास नव्हता. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेझ या विकराचे (एन्झाइमचे) कार्य दाखवून दिले आणि चित्र पालटले. ज्या अर्थी सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे एक मुक्त मूलक, नष्ट करण्याची स्वतंत्र व्यवस्था पेशीत आहे, त्या अर्थी सुपरऑक्साइड तेथे तयार होतच असले पाहिजे, हा तर्क पुढे मान्य झाला. १९८५ मध्ये जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी ऑक्सिडीकरण करणारे घटक आणि त्यांना आवर घालणारे घटक यांच्यातील तोल पहिल्यांच्या बाजूने ढळणे, अशी ऑक्सिडीकरणाच्या ताणाची व्याख्या केली. आज वापरात असलेली ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली.

आवर घालणारे घटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आवळा, संत्री आणि औषधाच्या दुकानातील रंगीत गोळ्या येतात. वस्तुतः या संरक्षणाचा फार मोठा भार शरीराने स्वतः घडवलेली विकरे वाहतात: सुपरऑक्साइड डिसम्युटेझ, कॅटॅलेझ आणि सेलेनियमच्या आधाराने चालणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ. ई जीवनसत्त्वाचे काम वेगळे आणि मोलाचे आहे. पेशीपटलात हजारभर मेदरेणूंमागे त्याचा एखादाच रेणू असतो, तरी तो स्वतःचा हायड्रोजन देऊन खवटपणाची साखळी तिथल्या तिथे तोडतो, आणि क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाजोगे करते. तिळाचे तेल करडईच्या तेलापेक्षा उशिरा खवट होते, त्यामागेही तिळातील अशाच साखळीतोड द्रव्यांचा हात आहे. मात्र मूलकांना केवळ शत्रू समजणे चुकीचे ठरेल. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम निर्माण करतात, आणि ज्या बालकांमध्ये जन्मतःच ही क्षमता नसते त्यांना जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा आणि जीवघेण्या स्वरूपात होत राहतो.

दीर्घकालीन आजारांत हा तोल कसा ढळतो, हे मधुमेहाच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते. रक्तातील ग्लुकोज वाढले तरी शरीरातील बहुतेक पेशी ते आत घेण्यावर मर्यादा घालू शकतात. डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या, मूत्रपिंडातील आणि चेतातंतूंशी निगडित अशा काही पेशींना ते पुरेसे जमत नाही. त्यांच्या तंतुकणिकांवर (मायटोकॉन्ड्रिया), म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांवर, इंधनाचा लोंढा येतो आणि तेथून सुपरऑक्साइड अधिक प्रमाणात गळू लागते, अशी मांडणी अमेरिकी संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये केली. त्याच वेळी जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करताना पेशीतील एनएडीपीएच हे हायड्रोजन पुरवणारे द्रव्य खर्ची पडते, आणि वापरून झालेल्या ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूला पुन्हा सज्ज करायला नेमके हेच द्रव्य लागते. आग भडकत असतानाच विहिरीचे पाणी आटावे, अशी ही अवस्था. मधुमेह मुख्यतः डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांनाच का गाठतो, याचा मोठा उलगडा यातून होतो.

परंतु एखाद्या माणसाच्या शरीरात हा ताण किती आहे, हे मोजायचे कसे? मूलके स्वतः सेकंदाच्या सूक्ष्म अंशात नाहीशी होतात, म्हणून त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा शोधाव्या लागतात. या खुणांना जैवसूचक किंवा बायोमार्कर म्हणतात. मेदाम्ले नासल्यावर उरणारे मॅलॉनडायअल्डिहाइड ही सर्वाधिक मोजली गेलेली खूण. नमुना थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत तापवला की गुलाबी रंग येतो आणि त्याची गडदता मोजायची, अशी ही सोपी पद्धत अन्नपदार्थांचा खवटपणा तपासणाऱ्या प्रयोगशाळांत रुळली आणि तेथून वैद्यकात आली. स्वस्त असल्याने ती आजही असंख्य शोधनिबंधांत भेटते. तिची उणीव अशी की हे आम्ल इतर अल्डिहाइडांशी आणि काही शर्करांशीही रंग देते, शिवाय तापवण्याच्या क्रियेतच नमुन्यातील मेद आणखी नासतो. दाण्याच्या तेलाला जी कसोटी पुरते ती माणसाच्या रक्ताला पुरतेच असे नाही, आणि केवळ या एका पद्धतीवर उभे असलेले निष्कर्ष मी तरी सावधपणेच वाचतो.

डीएनएवरील घाव मोजण्याच्या पद्धतीतही असाच अडसर आला. ग्वानिन या घटकाचे ऑक्सिडीकरण झाले की आठ-ऑक्सो-ग्वानिन तयार होते. पण पेशीतून डीएनए वेगळा काढताना हवेच्या संपर्कानेही ते होते. युरोपातील प्रयोगशाळांनी एकत्र येऊन एकसारखे नमुने तपासले, तेव्हा त्यांच्या उत्तरांत कित्येक पटींची तफावत आढळली, आणि ती तफावत रुग्ण व निरोगी माणूस यांच्यातील फरकापेक्षाही मोठी असू शकते हे ध्यानात आले. त्या मानाने आयसोप्रोस्टेन अधिक भरवशाचे ठरले. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेसन मॉरो आणि जॅक्सन रॉबर्ट्स यांनी १९९० मध्ये त्यांचे वर्णन केले. अ‍ॅराकिडॉनिक आम्ल या पेशीपटलातील मेदाम्लावर मूलकांचा थेट आघात झाल्यावर ही संयुगे बनतात आणि लघवीत उतरतात. लघवीत मेद जवळपास नसल्यामुळे नमुना ठेवल्यानंतर त्यात नव्याने भर पडत नाही. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्यांचे प्रमाण अधिक असते आणि धूम्रपान थांबवल्यावर अवघ्या दोन आठवड्यांत ते घटते, हे १९९५ मध्ये दिसून आले. मोजणीसाठी मात्र मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र आणि तज्ज्ञ हात लागतात.

चांगली खूण सापडली तरी तिच्यावरून काय ठरवायचे हा प्रश्न उरतोच, आणि या विषयातील सर्वांत कठोर धडा याच ठिकाणी मिळाला. ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा-कॅरोटीन (मूलकांना आवर घालणारे, गाजरासारख्या भाज्यांतील रंगद्रव्य) अधिक, त्यांना कर्करोग कमी, असे अनेक पाहण्यांतून दिसत होते. १९८१ मध्ये ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ रिचर्ड पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध कारणाचा आहे की नुसता सोबतीचा, असा प्रश्न विचारून प्रत्यक्ष चाचण्यांची गरज मांडली. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अशी चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी देण्यात आली, आणि पाच ते आठ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता. ई जीवनसत्त्वाने या कर्करोगात काहीही घट केली नव्हती.

पुढे अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार अशा १८,३१४ जणांवर बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्वाची चाचणी चालू होती. तेथे फुफ्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक आढळल्याने ती जानेवारी १९९६ मध्ये मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. मला मात्र फिनलंडच्या चाचणीतील एक तपशील या आकड्यांहून अधिक बोलका वाटतो. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात, चाचणीच्या आरंभी ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक होते त्यांना पुढे कर्करोग खरोखरच कमी झाला. म्हणजे जुन्या पाहण्या खोट्या नव्हत्या. भाज्या-फळे अधिक आणि सिगारेटी कमी, अशा राहणीची ती रक्तातली खूण होती. गोळीने रक्तातील पातळी दहा पटींहून अधिक वाढवली, राहणी तीच राहिली. पुढे फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावरील प्रयोगांत असे दिसले की सिगारेटच्या धुराने भरलेल्या फुफ्फुसात मोठ्या मात्रेतील बीटा-कॅरोटीनचेच ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निघणारी द्रव्ये पेशींच्या वाढीवरील नियंत्रण बिघडवतात.

याउलट एचबीए१सी या परिचित तपासणीकडे पाहावे. ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटून राहते आणि मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या चाचणीत, टाइप १ मधुमेहात ही संख्या खाली आणण्यासाठी कसून उपचार केल्यावर, पूर्वी डोळ्यांचा विकार नसलेल्यांमध्ये तो उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटल्याचे १९९३ मध्ये सिद्ध झाले. संख्या उतरली आणि आजारही उतरला, हे दोन्ही दाखवता आले, म्हणून डॉक्टर ती दर काही महिन्यांनी मागतात. ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या एकाही सूचकाने ही दुहेरी परीक्षा अजून दिलेली नाही. म्हणूनच मधुमेह किंवा हृदयविकाराच्या नेहमीच्या तपासण्यांत त्यांना स्थान नाही, आणि तपासणीच्या आकर्षक पॅकेजात अशी चाचणी आढळली तर तिच्या निकालावरून कोणता उपचार बदलणार आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

गोळ्या का निष्फळ ठरतात याचे आणखी एक कारण व्यायामातून कळते. स्नायू काम करतात तेव्हा मूलके वाढतात, आणि तीच वाढ पेशीला स्वतःची संरक्षक विकरे अधिक बनवण्याचा निरोप देते. जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुण पुरुषांनी चार आठवडे व्यायाम केला. ज्यांना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० एकके दिली होती, त्यांच्यात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही, गोळी न घेणाऱ्यांत सुधारला. निरोपच पुसला गेला होता.

मात्र एक आजार असा आहे जिथे गोळीचा उपयोग सिद्ध झाला. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याच्या विकारात क व ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन आणि जस्त यांच्या ठरावीक मिश्रणाने मध्यम अवस्थेतील रुग्णांचा आजार गंभीर होण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेतील चाचणीत २००१ मध्ये दिसले. निरोगी डोळ्यांना ते लाभत नाही. हे मिश्रण अधिक सुरक्षित करण्यासाठी झालेल्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले आणि त्यानुसार बीटा-कॅरोटीन काढून त्याजागी त्याच्याच जातीची रंगद्रव्ये ल्युटीन आणि झिअ‍ॅक्झँथिन घालण्यात आले, कारण हे औषध घेणाऱ्या वृद्धांमध्ये अनेक जण पूर्वी सिगारेट ओढणारे होते.