पुढल्या दाराला कुलूप, मागलं दार नुसतं ओढलेलं
आमच्या ग्राहकांसाठी : क्रिप्टो खात्यात सुरक्षित लॉगिन कसं करावं

चिपळूणच्या आमच्या छोट्या कार्यालयात तुम्ही रिटर्न भरायला येता, लॅपटॉप दाखवायला येता. हल्ली मात्र "जरा बघा हो, लॉगिन होत नाहीये" म्हणून फोन पुढे करणारे वाढलेत आणि त्यातली बरीच खाती क्रिप्टोची, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांची निघतात. कुणाच्या मुलाने गणपतीला आला असताना बाबांच्या फोनवर खातं उघडून दिलं आणि तो विसर्जन झाल्यावर मुंबईला निघून गेला. कुणी आंब्याचे पैसे हातात आल्यावर थोडे घालून पाहिले. पैसे घालावेत की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही कुणाचे एजंट नाही. पण घातलेच असतील तर एवढं वाचा.

बँकेत घोटाळा झाला तर शाखेत जाऊन साहेबांपुढे बसता येतं. इथे नाणी एकदा दुसऱ्याच्या वॉलेटला, म्हणजे डिजिटल पाकिटात गेली की तो व्यवहार उलटा फिरवणं एक्सचेंजच्या (जिथे खातं उघडून नाणी घेता-विकता त्या कंपनीच्या) हातात नसतं, रिझर्व्ह बँकेच्याही नाही. म्हणून सगळी राखण आधीच करावी लागते.

आधी ईमेल

एक्सचेंजचा पासवर्ड लोक जिवापाड जपतात. पण 'पासवर्ड विसरलात?' असं दाबलं की पुढची लिंक कुठे येते? ईमेलवर. आणि त्या ईमेलचा पासवर्ड असतो गावाचं नाव आणि पुढे १२३. पुढल्या दाराला गोदरेजचं कुलूप आणि मागलं दार नुसतं ओढून घेतलेलं, तशातली गत. आधी ईमेलचा पासवर्ड बदला. लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला ठेवा. क्रिप्टोसाठी वेगळा ईमेल उघडला तर उत्तमच.

रेंज गेली की टॉवरला शिव्या घालण्याआधी

चोर तुमच्या नावाने दुसरं सिम काढतो. ते चालू झालं की तुमचं बंद पडतं आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. शहरात अचानक नेटवर्क गेलं तर माणूस चपापतो. आपल्याकडे तो पडवीत येऊन फोन वर धरून उभा राहतो, नाहीतर 'पाऊस आहे, येईल संध्याकाळी' म्हणून गप्प बसतो. एक साधी खूण सांगतो. शेजारच्याचं त्याच कंपनीचं सिम चालतंय आणि तुमचं नाही, फोन बंद करून चालू केला तरी नाही, तर त्याच्याच फोनवरून लगेच कंपनीला विचारा. बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा दूरसंचार विभागाचा नियम आहे, म्हणून एसएमएसचे ओटीपी चोराला लगेच मिळत नाहीत. हाताशी वेळ असतो तो तेवढाच.

'स्टार ४०१ स्टार लावून पुढे हा नंबर डायल करा, नेटवर्क सुधारेल' असं फोनवर कुणी सांगितलं तर करू नका. त्याने तुमचे कॉल त्या नंबरकडे वळू शकतात, फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीसुद्धा.

एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर बरा

ऑथेंटिकेटर हे मोबाइलमधलं छोटं अॅप. खात्याच्या सुरक्षा सेटिंगमधला चौकोनी कोड एकदा स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून अॅप दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड काढतं. त्याला ना सिम लागतं, ना रेंज. घरात वायफाय आहे पण मोबाइलला एक दांडी मिळेल तर शपथ, अशा वाड्यांवर हे फार सोयीचं पडतं. शिवाय सिम चोरून हा कोड हाती लागत नाही.

वेळेची मात्र एक गंमत आहे. एसटी चुकू नये म्हणून आमचे एक काका फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचे. साहजिकच प्रत्येक कोड चुकीचा ठरायचा आणि काका एक्सचेंजला लबाड म्हणायचे. फोनची वेळ 'आपोआप' वर ठेवा.

आता जिथे खरोखर फसायला होतं ती जागा. गुहागरकडचे एक बागायतदार दाभोळला जाताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून फोटो काढत होते आणि फोन सुटून खाडीत गेला. सिम दुसऱ्या दिवशी मिळालं. पण ऑथेंटिकेटर फक्त त्याच फोनमध्ये होता, त्यामुळे खातं बंद. पुन्हा ओळखपत्रं, हातात कागद धरून फोटो, व्हिडिओ कॉल. बाजार पडत होता आणि ते नुसते बघत बसले.

त्यांना ऑथेंटिकेटर लावताना रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवला तर आत शिरायचे राखीव कोड दिसले होते, 'नंतर बघू' म्हणून त्यांनी पुढे ढकललं. ते कोड कागदावर उतरवायचे असतात. गॅलरीत फोटो नको, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवणं तर मुळीच नको. शाईच्या पेनने लिहिलेलं ओलीने फुटतं, म्हणून पेन्सिलीने किंवा बॉलपेनने लिहा आणि झिपच्या पिशवीत घाला. लॅमिनेशन कुठल्या दुकानात करून घेऊ नका, आमच्याकडेही नाही. एक प्रत घरी आणि दुसरी उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा कपाटातल्या कागदांचा कसा लगदा झाला, ते इथे कुणाला सांगायला नको. स्वतःचं वेगळं वॉलेट असेल तर ते परत उघडायचे १२ किंवा २४ गुप्त शब्दही असेच जपा. ते शब्द ज्याच्या हातात, वॉलेट त्याचं.

खोटं दार

एक्सचेंजचं नाव गुगलमध्ये शोधून पहिल्या दुव्यावर टिचकी मारू नका. वर जाहिराती असतात आणि जाहिरात चोरालाही देता येते. पत्त्यात ओ-च्या जागी शून्य असतं, एल-च्या जागी एकचा आकडा. कुलपाचं चित्र खोट्या साइटवरही दिसतं. तिथे तुम्ही टाकलेला सहा आकडी कोड चोर ३० सेकंद सरायच्या आत खऱ्या साइटवर वापरतो, म्हणजे ऑथेंटिकेटरही इथे तुम्हाला वाचवत नाही. एकदा तपासलेला पत्ता बुकमार्क करा आणि तिथूनच जा. एक्सचेंजवर पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) मिळत असेल तर ती घ्याच, कारण ती खऱ्या पत्त्यालाच बांधलेली असते आणि खोट्या साइटवर चालतच नाही.

कस्टमर केअरचा नंबरही असाच शोधू नका. स्क्रीन दाखवणारं अॅप घ्यायला सांगणारा माणूस कितीही गोड मराठी बोलला तरी फोन ठेवून द्या.

पैसे काढायचे पत्ते आधीच ठरवून देणारी व्हाइटलिस्ट चालू करा. नाणी पाठवताना चिकटवलेला पत्ता पूर्ण वाचा, काही व्हायरस तो मधल्यामध्ये बदलतात.

रिटर्नचं थोडं

नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर, विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. या सगळ्याचा हिशोब खात्याच्या स्टेटमेंटवरून लावावा लागतो आणि खातंच अडकलं तर आम्हीही हात वर करतो. दर तिमाहीला स्टेटमेंट उतरवून ठेवा.

गेलेच पैसे तर

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तासाभरात फोन करा, लाजू नका. रुपये बँकेतून जात असतील तर वाटेत अडवता येतात. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. खातं ताबडतोब गोठवायला एक्सचेंजला कळवा, मेसेज पुसू नका.

ऑथेंटिकेटर लावून हवा असेल तर सकाळच्या वेळी या, तेव्हा गर्दी कमी असते. जुना फोन असेल तर तोही आणा. पासवर्ड टाकताना आम्ही तोंड फिरवून बसतो, राग मानू नका.