मत्स्यसंवर्धन, स्थानिक व शाश्वत

ज्या वस्तीत मासा विकायचा, तिच्या आसपासच तो तळ्यांत किंवा टाक्यांत वाढवून थेट किराणा दुकानांना पुरवण्याची पद्धत. जगभरात २०२२ साली पाळलेल्या जलचर प्राण्यांचे उत्पादन पकडलेल्या मासळीपेक्षा प्रथमच जास्त झाले. त्यामुळे मासा कुठे आणि कसा वाढतो, हा प्रश्न आता समुद्रापुरता राहिलेला नाही.

शहराजवळ जागा कमी आणि पाणी मोजके. म्हणून तिथे बहुधा पुनर्चक्रण पद्धत, म्हणजे तेच पाणी स्वच्छ करून पुन्हा वापरण्याची पद्धत, वापरतात. टाकीतले पाणी आधी बारीक जाळीच्या फिरत्या पिंपातून जाते. विष्ठा आणि उरलेले खाद्य तिथे अडते. मग येते जैविक गाळणी, या सगळ्या व्यवस्थेचा जीव. कल्ल्यांवाटे सतत बाहेर पडणारा अमोनिया माशाला घातक असतो. गाळणीतल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर बुळबुळीत थर धरून राहिलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि पुढे बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हा थर धरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी घाईने टाकीत मासे भरले, तर पाणी नितळ दिसत असतानाच मासे मरू लागतात. शेवटी कार्बन डायऑक्साइड काढून व प्राणवायू मिसळून पाणी टाकीत परत येते. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असे पुन्हा वापरता येते. वीज मात्र भरपूर लागते, आणि पंप बंद पडला तर दाट टाकीतले मासे काही मिनिटांतच गुदमरू लागतात.

केवळ जवळ वाढला म्हणून मासा शाश्वत ठरत नाही. खरा हिशेब खाद्याचा आहे. समुद्रातले लहान मासे दळून मोठ्याला चारले, तर समुद्रावरचा ताण नजरेआड होतो, इतकेच. तिलापिया, कार्प यांसारख्या माशांचे बहुतांश वनस्पतिजन्य खाद्यावर भागते. सामनला प्रथिने आणि तेल जास्त लागते. सोया, कीटकांची पूड, शैवालाचे तेल हे पर्याय वापरात आहेत.

दुकानाला दर आठवड्याला एकाच वजनाचा मासा हवा असतो, म्हणून बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) टप्प्याटप्प्याने सोडतात. पुनर्चक्रणातल्या माशाला जिओस्मिन या द्रव्यामुळे मातकट वास येऊ शकतो. तो घालवायला काढणीआधी काही दिवस खाद्य बंद करून मासे वेगळ्या, ताज्या पाण्यात ठेवतात. पोट रिकामे झाल्याने ते लवकर सडतही नाहीत. काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात घातलेला मासा त्याच दिवशी दुकानात पोचला, तर डोळे फुगीर व चकचकीत असतात, कल्ले लालभडक दिसतात आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येते.