घराची आपत्तिपूर्व तयारी व आपत्तीनंतरची दुरुस्ती

भूकंप, पूर, चक्रीवादळ यांचा तडाखा झेलता यावा म्हणून घर आधीच मजबूत करून ठेवणे आणि नुकसान झालेच तर जीव धोक्यात न घालता ते पुन्हा राहण्याजोगे करणे. ही दोन कामे वेगळी समजली जातात, पण नीट केलेली दुरुस्ती ही पुढच्या आपत्तीची तयारीच असते. मार्च २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने स्वीकारलेल्या आराखड्यातही पुनर्बांधणी ‘पूर्वीपेक्षा चांगली’ व्हावी, हे सूत्र आहे.

प्रत्येक आपत्ती घराची वेगळी जागा हेरते. भूकंप घराला आडवा हलवतो, त्यामुळे न बांधलेले जड भाग आधी कोसळतात: गच्चीचा कठडा, त्रिकोणी भिंतीचा माथा, घरातले उंच कपाट. वारा छप्पर वर उचलतो. खिडकी फुटून तो आत शिरला की खालूनही रेटा बसतो, म्हणून छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला पक्की जखडलेली हवी. साचलेल्या एक मीटर पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब असतो. वाहते पाणी तर पायाखालची मातीच नेते. तयारीची कामे त्यावरूनच ठरतात. कपाटे भिंतीला स्क्रूने आवळावीत, विजेची बटणे व मीटर पुराच्या पातळीच्या वर घ्यावेत. मुख्य स्विच आणि गॅसचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असावे. घराची खोलीवार छायाचित्रे काढून ठेवली, तर विम्याच्या दाव्याच्या वेळी वाद कमी होतात.

आपत्ती ओसरून परतल्यावर घर आधी बाहेरून पाहावे. भिंत कललेली, छप्पर पोटात आलेले, काल सहज उघडणारे दार आज अडकते आहे, अशी लक्षणे दिसली तर आत जाऊ नये. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. पाण्यात उभे राहून मुख्य स्विचला हात लावणे जिवावर बेतते. भूकंपानंतरचे धक्के हळूहळू विरळ होत जातात, हे जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये मांडले. पण विरळ म्हणजे बंद नव्हे. म्हणून अनेक ठिकाणी तपासणीनंतर इमारतीवर हिरवी, पिवळी किंवा लाल चिठ्ठी लावतात. लाल म्हणजे प्रवेश बंद.

तळघरातले पाणी एका दमात उपसण्याचा मोह टाळावा. बाहेरची माती चिंब असते आणि आतला आधार एकदम गेला की भिंत आत कोसळते. पूर ओसरल्यावर रोज साधारण एकतृतीयांश पाणी काढावे. पंपासाठी जनरेटर लावला तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

सर्वांत जास्त चुका वाळवणीत होतात. गाळ ओला असतानाच काढावा, वाळला की खरवडावा लागतो. बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते, तेव्हा भिजलेल्या गाद्या व छताचे तक्ते बाहेर काढून वारा खेळता ठेवावा. ब्लीचने पुसताना त्यात आम्लयुक्त क्लीनर किंवा अमोनिया मिसळू नये, विषारी वायू सुटतो. पाण्याखाली गेलेले एमसीबी (बिघाड होताच वीज तोडणारे खटके) व स्विच वाळवून वापरण्यापेक्षा बदलावेत. विटांची भिंत मात्र सावकाश सुकते. ढोबळ अंदाज असा की जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना. म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊएक महिने. तोवर रंग लावला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, पांढरे क्षार फुटतात. शंका असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले, तर गिलावा थांबवावा.

तडे सगळे सारखे नसतात. गिलाव्यावरची केसासारखी रेघ बहुधा निरुपद्रवी असते. खिडक्यांमधल्या भिंतीवर उमटलेली तिरकी फुली म्हणजे भूकंपात ती भिंत कापली गेल्याची खूण. काँक्रीट सुटून गज उघडे पडलेल्या खांबावर तर सिमेंट थापणे हा निव्वळ धोका लपवण्याचा प्रकार; आधी टेकू द्यावा आणि संरचना अभियंत्याला बोलवावे. तडा अजून वाढतो आहे का, हे पाहण्याची जुनी युक्ती स्वस्त आहे. तड्यावर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काही आठवड्यांत काच तडकली तर भिंत अजून सरकते आहे, आणि तडा भरण्यापूर्वी खालचा पाया उघडून पाहावा लागतो.