मॉडेल रेल्वेच्या कपलरची उंची कुठे बिघडते?

मॉडेल रेल्वेची गाडी धावताना मध्येच तुटली आणि निम्मे डबे मागे राहिले, की बहुतेक जण थेट कपलरला, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या आकड्याला, हात घालतात. वास्तविक कपलर हा डब्याच्या रचनेतला अगदी शेवटचा भाग आहे. त्याची रुळापासूनची उंची चाकांचा व्यास, बोगीची (डब्याखालच्या, चाके धरणाऱ्या वळत्या सांगाड्याची) बैठक, डब्याची चौकट आणि कपलर ज्या लहानशा पेटीत बसतो ती पेटी, या सगळ्यांची मिळून ठरते. त्यामुळे जुळवणीची सुरुवात चाकांपासून करून वर कपलरपर्यंत यावे, हाच क्रम मला योग्य वाटतो.

मॉडेलमध्ये आज सर्रास दिसणारा नकल कपलर, म्हणजे वाकवलेल्या बोटासारखा उघडमिट होणारा जबडा (नकल) असलेला कपलर, मूळचा खऱ्या रेल्वेवरचा आहे. अमेरिकेत एली जॅनी यांनी 1873 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याआधी कडी आणि खीळ वापरून डबे जोडले जात, त्यासाठी कामगाराला दोन डब्यांच्या मध्ये उभे राहावे लागे आणि त्यात अनेकांची बोटे, हात, प्रसंगी प्राणही जात. 1893 च्या अमेरिकी कायद्याने स्वयंचलित कपलर सक्तीचे केले. तेथील मालडब्यांच्या कपलरची उंची रुळाच्या माथ्यापासून साडेएकतीस ते साडेचौतीस इंचांच्या दरम्यान असावी लागते, म्हणजे फरकाला 3 इंचांची मुभा आहे. एचओ मापात, म्हणजे साधारण 1:87 या प्रमाणात, हे 3 इंच 0.9 मिमीपेक्षाही कमी भरतात. नजरेच्या अंदाजाने कपलर बसवणे का साधत नाही, ते या एका आकड्यावरून कळते.

एचओ मापात कपलरच्या मध्यरेषेची उंची 25/64 इंच, म्हणजे सुमारे 9.9 मिमी धरतात. ती तपासण्यासाठी रुळावर ठेवायचा गेज मिळतो. त्याच्या टोकाला योग्य उंचीवर बसवलेला कपलर असतो आणि डबा त्याच्यापर्यंत ढकलून नेला, की दोन्ही नकल एका पातळीत येतात की नाही ते समोरच दिसते. मात्र गेज सपाट, सरळ रुळावर ठेवलेला हवा; रुळाला किंचित जरी चढ किंवा झोल असेल, तरी तपासणी फसवी ठरते.

कपलर खाली असेल तर आधी चाके पाहावीत. मूळच्या चाकांऐवजी कमी व्यासाची चाके बसवली असतील, तर व्यासात पडलेल्या फरकाच्या निम्म्याने डबा खाली येतो. चाके ठीक असतील तर बोगी आणि चौकट यांच्यामध्ये 0.25 किंवा 0.38 मिमी जाडीचा फायबरचा वॉशर घालून डबा उचलता येतो. त्यानंतर पेटीकडे वळावे. पेटीचे झाकण सैल असेल तर कपलरचे टोक खाली झुकते; गेजवर डबा स्थिर उभा असताना हा दोष लपू शकतो, पण गाडीला ओढ बसली की, विशेषतः चढ सुरू होतो त्या जागी, एक नकल दुसऱ्यावरून निसटते. पेटीत प्लास्टिकची पातळ पट्टी घातल्याने हा झुकाव जातो. एवढे करूनही फरक उरला, तर नकलमागचा दांडा वर किंवा खाली सरकवलेले कपलर मिळतात, ते वापरावेत. दांडा हाताने वाकवणे हा मात्र उपाय नव्हे, कारण त्याने नकलही तिरकी होते.

उंचीइतकेच महत्त्व कपलरच्या आडव्या हालचालीला आहे, आणि त्याचे कारण चुंबकीय सोडवणुकीत दडलेले आहे. केडी या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीच्या कपलरखाली पोलादाची एक वाकडी तार लोंबते. रुळांच्या मधल्या चुंबकावर दोन डबे थांबवून इंजिन किंचित मागे रेटले, की ओढ सुटते, दोन्ही तारा परस्परविरुद्ध रुळांकडे खेचल्या जातात आणि नकल उघडतात. मग डबे जरासे दूर करून पुन्हा ढकलले, तर बाजूला सरकलेले कपलर एकमेकांत न अडकता नुसते टेकतात, आणि डबा चुंबकापासून कितीही लांब नेऊन तिथे सोडता येतो. इंजिन मागे फिरले की स्प्रिंग कपलरला पुन्हा मध्यावर आणते. ही सारी करामत एका बारीकशा स्प्रिंगवर चालते, म्हणून पेटीत रंगाचा थेंब किंवा प्लास्टिकची कड राहिली तरी ती बिघडते. तेल तर मुळीच घालू नये, कारण त्यावर धूळ बसून त्याचा चिकटा होतो. ग्रॅफाइटची कोरडी पूड चिमूटभर पुरते.

तारेचे टोक रुळाच्या माथ्यापासून सुमारे 0.8 मिमी वर ठेवतात. त्याहून खाली आले तर ते सांध्यांवर आणि फाटकाच्या फळ्यांना अडकते. वर राहिले तर चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटत असल्यामुळे नकल उघडतच नाही. तार वाकवायला खास पक्कड असते, पण कपलरची उंची नक्की होण्याआधी तिला हात लावणे म्हणजे तेच काम दोनदा करणे होय. याच्या उलट तक्रारही ऐकू येते, ती म्हणजे चुंबकावरून नुसते जाताना डबे आपोआप सुटतात. ओढ कायम असेल तर नकल उघडत नाहीत; पण चाकांचे आस पोलादी असले तर चुंबक डब्यालाच क्षणभर खेचतो, ओढ ढिली पडते आणि गाडी तुटते. अशा डब्याला चुंबकाकडे न ओढले जाणारे आस बसवल्याने प्रश्न मिटतो. तिथे कपलरशी खेळून काहीच साधत नाही.

डबा फार हलका असला तर जोडताना नकल मिटण्याऐवजी डबाच मागे पळतो. एनएमआरए या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचे वजन 1 औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस असावे. 6 इंचांच्या डब्याला हे 4 औंस, म्हणजे सुमारे 113 ग्रॅम होते.

इंजिनाच्या बाबतीत एक वेगळी काळजी लागते. काही इंजिनांची धातूची चौकटच वीजवाहक असते. अशा दोन इंजिनांच्या चौकटी विरुद्ध रुळांना जोडलेल्या असतील आणि धातूचे कपलर थेट त्या चौकटींवर बसवले असतील, तर इंजिने जोडताक्षणी शॉर्टसर्किट होते. म्हणून तिथे कपलरची पेटी आणि तिचा स्क्रू प्लास्टिकचा वापरून कपलर चौकटीपासून विद्युतदृष्ट्या वेगळा ठेवतात, आणि उंची त्यानंतर गेजवर पुन्हा तपासून घेतात.