वाढघटकाचा निरोप पेशीच्या आत पोचतो कसा?

पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणारं प्रथिन, समजावताना कुलूप-किल्लीचं चित्र हमखास काढलं जातं. ठरावीक रेणू ठरावीक रिसेप्टरमध्येच बसतो, एवढं त्यातून नीट कळतं. पण वाढघटकांच्या, म्हणजे पेशींना वाढायचा इशारा देणाऱ्या प्रथिनांच्या, बाबतीत ते चित्र तिथेच संपतं. इथे किल्ली आत शिरतही नाही आणि फिरतही नाही. ती पेशीच्या बाहेरच राहते, तरी काही सेकंदांत आतली रसायनं बदलू लागतात. हे कसं घडतं?

याचा सर्वांत चांगला अभ्यास झालेला वाढघटक म्हणजे ईजीएफ, अर्थात एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. स्टॅन्ली कोहेन यांनी तो उंदराच्या लाळग्रंथींतून वेगळा केला आणि १९६२मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ग्रंथींचा अर्क टोचलेल्या उंदराच्या पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी आधी उघडत आणि दातही लवकर येत, ही त्यामागची खूण होती. १९८६चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह मिळालं. ईजीएफ हे फक्त ५३ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, तीन डायसल्फाइड बंधांनी आवळलेलं.

त्याचा रिसेप्टर, ईजीएफआर, ११८६ अमिनो आम्लांचा आहे. पेशीबाहेर त्याचे चार भाग, आत कायनेज (फॉस्फेट जोडणारा भाग) आणि त्याला लागून एक लांब, सैल शेपटी. या दोन टोकांना जोडणारा, पेशीपटलातून आरपार जाणारा दुवा म्हणजे साधारण २३ अमिनो आम्लांची एकच मळसूत्री दांडी. खरी अडचण याच दांडीची आहे. ती पटलाच्या तेलकट थरात सुटी फिरू शकते, त्यामुळे बाहेर दिलेला पीळ तिच्यातून आत पोचेल याची खात्री नाही. एकट्या रिसेप्टरला जे साधत नाही ते दोघांची जोडी साधते.

रिकामा रिसेप्टर बहुतांशी मिटलेला असतो. बाहेरच्या दुसऱ्या भागातून निघालेला एक छोटा ‘हात’ चौथ्या भागाला अडकून लपलेला असतो. ईजीएफ येतो आणि पहिल्या व तिसऱ्या भागाला एकाच वेळी धरतो. त्यासाठी पहिला-दुसरा भाग मिळून सुमारे १३० अंशांतून फिरावा लागतो. तसं झालं की लपलेला हात मोकळा होतो आणि शेजारच्या, तशाच उघडलेल्या रिसेप्टरच्या हाताला भिडतो. २००२मध्ये या जोडीच्या स्फटिकरचना मिळाल्या तेव्हा दिसलं की ईजीएफचे दोन रेणू एकमेकांना शिवतही नाहीत. ते जोडीच्या दोन बाहेरच्या कडांना असतात. जोडी बांधतात ते रिसेप्टरच.

आता आत काय होतं ते पाहू, कारण या यंत्रणेतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. दोन कायनेज जवळ येतात, पण आरशातल्या प्रतिमेसारखी समोरासमोर नाही. एकाचा खालचा खंड दुसऱ्याच्या वरच्या खंडाला रेटतो. रेटणारा चालक, रेटला जाणारा कार्यरत. हे २००६मध्ये उलगडलं. चालकाला स्वतःला फॉस्फेट जोडता आलं नाही तरी चालतं. म्हणूनच याच कुटुंबातला एचईआर-३, ज्याचं कायनेज जवळपास निकामी आहे, उत्तम चालक ठरतो. आणि एचईआर-२ला स्वतःचा वाढघटकच नाही, त्याचा हात कायम उघडा असतो. तो कुणाशीही जोडी जमवायला तयार.

कार्यरत कायनेज एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूमधला फॉस्फेट शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाला जोडतो. १०६८ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसला की ग्रब-२ हे प्रथिन तिथे चिकटतं आणि आपल्यासोबत एसओएस या दुसऱ्या प्रथिनाला पटलाजवळ आणतं. एसओएस रॅस या प्रथिनातून जीडीपी हा रेणू सोडवतं, त्या जागी जीटीपी बसून रॅस चालू होतं, आणि पुढे राफ, मेक, ईआरके या प्रथिनांची साखळी केंद्रकापर्यंत जाते. (क्रमांक वाचताना जपावं. काही लेखांत सुरुवातीचा, पुढे कापला जाणारा २४ अमिनो आम्लांचा तुकडाही मोजतात. मग हाच टायरोसिन १०९२ होतो.)

प्रयोगात हे पाहायचं तर पेशी आधी रात्रभर सीरमशिवाय ठेवतात, नाहीतर सीरममधल्या वाढघटकांमुळे रिसेप्टर आधीच जागे असतात. मग पाचेक मिनिटं ईजीएफ देऊन पेशी बर्फावर फोडतात. फोडण्याच्या द्रावणात फॉस्फेटेज विकरांना रोखणारं ऑर्थोव्हॅनाडेट हवंच. ते घालायचं राहून गेलं तर पेशीतलीच ही विकरं फॉस्फेट काढून टाकतात आणि इशारा पोचलाच नाही असं वाटतं.

इशारा थांबवण्याचीही सोय आहे. सीबीएल हे प्रथिन रिसेप्टरवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतं आणि पेशी त्याला पिशवीत ओढून घेते. त्या पिशवीत आम्लता वाढते, पीएच ६च्या आसपास येतो. ईजीएफ तिथेही सुटत नाही, त्यामुळे दोघेही लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पाचक पिशवीत, जाऊन नष्ट होतात. टीजीएफ-अल्फा हा दुसरा वाढघटक मात्र, त्याच रिसेप्टरला बसणारा असूनही, त्या आम्लतेत निसटतो आणि रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो. कुलूप एकच, पण एका किल्लीने ते झिजतं, दुसरीने पुन्हा वापरता येतं.

‘ग्रोथ फॅक्टर’ लिहिलेल्या क्रीमबद्दल इथेच सांगायला हवं. ईजीएफचं वजन सुमारे ६००० डाल्टन आहे आणि अखंड त्वचेच्या वरच्या मृत थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू फारसे आत जात नाहीत. ज्या जिवंत पेशींवर रिसेप्टर आहेत त्या या थराच्या खाली असतात. उघड्या जखमेची गोष्ट वेगळी, पण तिथला परिणाम धडधाकट चेहऱ्यावरही होईल असा दावा करणं फसवं आहे.

फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआरच्या ८५८व्या जागी (इथले क्रमांक तो २४चा तुकडा धरून) ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतं. हे ल्युसिन कायनेजला बंद स्थितीत धरून ठेवायला मदत करत असतं. ते गेलं की ईजीएफ नसतानाही कायनेज चालू राहतं. जेफिटिनिब हे औषध एटीपीची जागा अडवून ते थांबवतं. पुढे ७९०व्या जागी थ्रिओनिनचं मेथिओनिन झालं की कायनेजची एटीपीवरची पकड वाढते आणि औषध मागे पडतं. ऑसिमर्टिनिब हे दुसरं औषध ७९७व्या सिस्टीनशी कायमचा बंध जोडतं, म्हणून एटीपी त्याला हटवू शकत नाही. ते सिस्टीनच बदललं तर हा बंधही जुळत नाही. आणि ही औषधं घेणाऱ्या अनेकांच्या अंगावर मुरमांसारखं पुरळ येतं, कारण त्वचेच्या निरोगी पेशींचं रोजचं कामही याच रिसेप्टरवर चालतं.