शवागारातली घंटा आली कुठून?

आंद्रे ओव्रेदाल यांच्या ‘द ऑटोप्सी ऑफ जेन डो’ (२०१६) या भयपटात तळघरातल्या शवागारात एका प्रेताच्या घोट्याला छोटी घंटा बांधलेली दिसते. पुढे अंधारात तीच वाजते. घोटा ही पडद्यावरची सोय म्हणू, पण प्रेताला घंटा जोडण्याची पद्धत खरीच होती.

१७४० मध्ये पॅरिसचे शरीररचनातज्ज्ञ विन्स्लो यांनी मांडलं, की मेल्याची भरवशाची खूण एकच, देह कुजू लागणं. स्टेथोस्कोप यायला अजून पाऊणशे वर्षं होती (१८१६). तोवर सगळी भिस्त मनगटावरच्या बोटांवर आणि नाकापुढे धरलेल्या आरशावर. आपल्याला जिवंतच पुरतील, ही धास्ती युरोपभर पसरली. त्यातूनच १७९० च्या दशकात जर्मनीतल्या वायमार इथे डॉक्टर हुफेलांड यांच्या पुढाकाराने ‘वाट पाहण्याचं’ शवागार उभं राहिलं.

तिथली रचना अशी: बोटांना दोरा, दोऱ्याचं टोक शेजारच्या खोलीतल्या घंटेला आणि तिथे रात्रंदिवस पहारेकरी. खोली मुद्दाम उबदार ठेवायची, कारण कुजण्याची खूण लवकर दिसायला हवी. वास झाकायला फुलं. म्युनिकमधली अशी व्यवस्था मार्क ट्वेन यांनी १८८३ च्या पुस्तकात वर्णिली आहे.

गोची याच उबेत होती. आतड्यांतले जंतू वायू तयार करतात, पोट फुगतं, त्यावर ठेवलेला हात सरकतो आणि दोरा ओढला जातो. घंटा वाजे, पहारेकरी धावे आणि समोर मढंच. वायू घशातून बाहेर पडला तर कण्हल्यासारखा आवाजही येतो. भयपटांचा अर्धा मालमसाला इथेच तयार होता!

नंतर स्टेथोस्कोप रुळला, हृदयाचे ठोके थांबल्याची खात्री कानाने करता येऊ लागली. पॅरिसच्या शवागारात १८८२ मध्ये यंत्राने थंडावा आला. ऊब गेली, घंटाही गेली. आज देह साधारण २ ते ४ अंश सेल्सियसला ठेवतात. त्याने कुजणं मंदावतं, थांबत नाही.

या चित्रपटाची खरी हुशारी मात्र घंटेत नाही, खुणांच्या विसंगतीत आहे. एरवी जबडा दोन-चार तासांत ताठरतो, बारा तासांच्या सुमारास सगळं अंग, आणि दीड-दोन दिवसांनी ते पुन्हा सैल पडतं. बुबुळं गढुळतात. हृदय बंद म्हणजे रक्ताला दाब नाही. सुरीच्या चिरेतून ते फार तर पाझरतं, वाहत नाही. इथे विच्छेदनाला आलेल्या ‘जेन डो’चे (ओळख न पटलेल्या स्त्रीला इंग्रजीत देतात ते नाव) डोळे शिळ्या प्रेताचे, पण छातीवरची चीर ताज्या जखमेसारखी वाहते. विच्छेदन करणारे बापलेक मुरलेले आहेत, म्हणून भुताआधी त्यांना हा हिशेब खटकतो.

जेन डोचं ते प्रेत रबरी पुतळा नव्हे, बहुतेक दृश्यांत अभिनेत्री ओल्वेन केली स्वतः टेबलावर पडून आहेत. योगाच्या सवयीमुळे त्यांना श्वास उथळ ठेवणं जमलं. कॅमेऱ्यापुढे छाती हलू द्यायची नव्हती.